निनाजी काका आणि उरलेल्या गोळ्या

निनाजी काका कोणाच्याही घरी गेले की पहिला प्रश्न विचारतात, "उरल्या का?"

आजारी माणसाचा ताप उतरला का, झोप लागली का, दोन घास पोटात गेले का, हे विचारायला सगळं गाव आहे. काकांना फक्त गोळ्या पाहिजेत. डॉक्टरांनी दहा लिहून दिल्या, माणूस चौथ्या दिवशी बरा झाला, तर बाकीच्या सहा कुठे गेल्या? त्यांच्या मते माणूस बरा झाल्यावर खरी गोष्ट सुरू होते.

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात जेवणं चालली होती. नवरदेवाच्या वडिलांना साखरेच्या दुखण्याची गोळी अर्धी मोडून घेताना काकांनी पाहिलं. पंगत उठेपर्यंत ते थांबले, मग जवळ जाऊन अगदी अदबीनं म्हणाले, "व्याहीबुवा, अर्धी कुठी टाकली?" व्याहीबुवांना वाटलं, मानपानात काही चुकलं. दोन्हीकडची मंडळी गोळा झाली, आणि अर्धी गोळी शोधायला अर्धी वरात वाकली. हात धुवायच्या जागेजवळच्या चिखलात ती सापडली. काकांनी ती पुसून डब्यात टाकली आणि मगच अक्षता वेळेवर पडल्या का, जेवण कसं झालं, वगैरे चौकशी केली.

तो डबा म्हणजे एक जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यावरचं चित्र केव्हाच घासून गेलंय. सायकलच्या कॅरिअरला तो ट्यूबच्या रबराने बांधलेला असतो. झाकणावर ऑइलपेंटने लिहिलंय, "फक्त गोळ्या". हे लिहावं लागलं, कारण एकदा पारावरच्या कोणीतरी त्यात विड्यांची थोटकं टाकली होती.

काका आमच्या ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक आहेत. पदाचं नाव मोठं आहे; काम म्हणजे सकाळी टाकीत ब्लिचिंग पावडर टाकायची, कॉक खोलायचा, आणि नळाला पाणी आलं की काचेच्या छोट्या नळीत ते घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं, तर पावडर बरोबर पडली. रिठद गावाच्या पुढे कितीतरी गावांत हे काम चालतं, पण नळी हातात धरून दारोदार दाखवत फिरणारा माणूस फक्त आमच्याकडे आहे. "पाहून घ्या, पाण्याले हळद लागली," असं ते म्हणतात. मुलीच्या बापाचा असतो तसा तेव्हा त्यांचा चेहरा असतो. ज्या दिवशी हळद लागत नाही, त्या दिवशी ते घरोघर जाऊन सांगतात, आज उकळून प्या, आणि असं सांगताना चोरी पकडल्यासारखे खाली पाहतात.

गोळ्यांचं वेड त्यांना वाशीमच्या एका प्रशिक्षणात लागलं. तिथे एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की आपण घेतलेलं औषध सगळं अंगात जिरत नाही. काही बाहेर पडतं, काही आपण फेकून देतो, आणि ते नाल्यातून, जमिनीतून पाण्यात जाऊ शकतं. ब्लिचिंग पावडर जंतू मारते, पण औषध पाण्यात तसंच राहू शकतं. बाकीचे जलसुरक्षक तोवर जेवणाच्या पाकिटांकडे पाहत होते. काकांनी हात वर करून विचारलं, म्हणजे आमच्या गावाचा बीपी विहिरीत उतरला असन का? सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, असू शकतो, लहान गावांत कोणी मोजलेलं नाही.

"कोणी मोजलेलं नाही" हे वाक्य काका एसटीत बसून गावापर्यंत घेऊन आले आणि अजून त्यांनी ते खाली ठेवलेलं नाही.

आमची सार्वजनिक विहीर नाल्याच्या काठावर आहे; टाकीत पाणी चढतं ते तिचंच. वर्षातून दोनदा तिच्या पाण्याचा नमुना तपासायला वाशीमला जातो. सोबतच्या छापील कागदावर रकाने असतात: क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू. काकांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक सहा इंची पट्टी असते. ती काढून ते त्या छापील तक्त्याच्या शेवटी स्वतः एक रकाना आखतात आणि वर लिहितात, "औषधं". पहिल्यांदा कागद परत आला तेव्हा त्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. काका खूश. "रेघ मारली, म्हंजे पाह्यलं तं खरं." पुढच्या वेळी तिथे लिहून आलं, "सोय नाही". काकांनी ते पारावर वाचून दाखवलं. रेघेची अक्षरं झाली, ही त्यांच्या मते मोठी प्रगती होती. त्याच्या पुढच्या वेळी आलं, "सोय नाही. वरिष्ठांना कळविले आहे." त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला.

मला चहा पाजण्याचं कारण असं, की या प्रकरणात मीही होते आणि आमचं भांडण झालं होतं.

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा सभेतून आले की झोळीतून पत्रकं निघायची. मी त्यावरच अक्षरं गिरवली. त्यामुळे काकांनी मला पाण्यातल्या औषधांचं सांगितलं तेव्हा मी दुसरं काय करणार? पत्रक काढलं. मथळा होता: "पाण्यात विष कालवणाऱ्यांनो, जबाब द्या!" औषध विकताना कंपनी नफा घेते, मग उरलेल्या औषधाची जबाबदारी कोणाची? शहराला शुद्धीकरण आणि खेड्याला ब्लिचिंग पावडर, हा कुठला न्याय? असं बरंच होतं. ते मी अजून मागे घेतलेलं नाही, घेणारही नाही.

काकांनी पत्रक बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "पत्रकबाई, हे कोणाले लिवलं?"

मी म्हटलं, कंपन्यांना आणि शासनाला.

"मंग त्यायले दे ना. आमच्या गल्लीत काहून वाटून राह्यली?" मग म्हणाले, "आन हे विष खोड."

मी विचारलं, का? पाण्यात औषध असेल तर ते विषच.

"असन तं. म्या मोजलं नाई, तूनं मोजलं नाई. जे मोजलं नाई त्याले नाव नको देऊ. भेव दाखवलं का माणूस एक दिवस भेते, दुसऱ्या दिवशी हासते."

मी वाद घातला. पण पाण्याच्या प्रश्नात त्यांच्याशी कोण जिंकणार? शेवटी पंपघरासमोर बसून प्रत्येक प्रतीवरचं "विष" मी पेनने खोडलं आणि वर "औषध" लिहिलं. काका शेजारी बसून वाळलेल्या प्रती रचत होते. "आन ह्याच्यात फळीवरची डबी नाई," असं ते मधेच पुटपुटले. म्हणजे घराघरात आरशामागे, देवळीत, मिठाच्या बरणीशेजारी ज्या अर्ध्या पट्ट्या पडून असतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत थेट नाल्यात जातात, त्यांच्याबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. खरं होतं ते.

गावातल्या प्रत्येकाला कोणता आजार आहे हे काकांना पट्ट्यांवरून कळतं. कोणाला झोप लागत नाही, कोणाला फिट येते, कोणाच्या सुनेनं कोणत्या गोळ्या सासूपासून लपवल्या. त्यातलं एक अक्षर आजवर त्यांच्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. म्हणून बाया त्यांच्या डब्यात निर्धास्तपणे पदराखालून गोळ्या सोडतात.

एकच माणूस दाद देत नव्हता. भाऊराव. नाल्याकाठी त्याची भाजीची बाग आहे. मेथी, वांगी, टमाटे रिसोडच्या बाजारात जातात. घरात उरलेल्या कॅप्सूल फोडून तो फवारणीच्या पंपात टाकायचा. काकांनी हटकलं तर म्हणाला, माणसाचा ताप उतरते तं वांग्याचा काहून नाई उतरणार? काका म्हणाले, "वांग्याले थर्मामीटर कुठी लावला तूनं, थे दाखव." पारावर दोन दिवस हसणं चाललं. भाऊराव हसला नाही. त्याने काकांचं नाव ठेवलं, गिधाड.

नाव ठेवण्याचं कारण वांगी नव्हती. कारण वेगळं होतं, आणि ते सांगायला हवं.

आमच्या गावात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी त्याची गोधडी, त्याची काठी आणि त्याच्या औषधांची पिशवी नाल्यावर जांभळीच्या वळणाला सोडतात. मेलेल्याचं औषध घरात ठेवलं तर दुखणं घर सोडत नाही, असं म्हणतात. आमच्या वस्तीने छप्पन्न साली देव सोडले, नवस सोडले, उपासतापास सोडले. पण माझे मोठेबाबा गेले तेव्हा त्यांच्या दम्याच्या गोळ्या आम्हीही त्याच वळणावर सोडल्या. मी स्वतः पिशवीला गाठ मारून दिली होती. आणि जांभळीच्या वळणापासून खाली शंभर पावलांवर आमची विहीर आहे. एवढं सगळ्यांना दिसतं. तरी दिसत नव्हतं.

काका मयतीच्या घरी जाऊन सगळ्यांच्या मागे, डबा मांडीवर घेऊन बसायचे. काही मागायचे नाहीत. तेच लोकांना जास्त लागायचं. एकदा भाऊराव सगळ्यांसमोर म्हणाला, आलं पाहा गिधाड. काका उठून जाताना एवढंच म्हणाले, "गिधाडाले नावं ठेवू नको, बाप्पा. थे बी गोळीनंच गेले." ढोरांना दिलेल्या दुखण्याच्या औषधाने गिधाडं मेली, हे त्या मॅडमनी सांगितलं होतं. आमच्या माळावर पूर्वी उतरायची. मी एकही पाहिलेलं नाही.

गोळा झालेल्या गोळ्यांचं पुढे काय, हाही प्रश्नच होता. जाळाव्या तर धूर, पुराव्या तर पुन्हा माती आणि पाणी. रिसोडच्या मेडिकलवाल्याने सांगितलं, विकलेला माल परत नाही. उपकेंद्राच्या सिस्टर चांगल्या होत्या. त्यांच्याकडे दवाखान्याच्या कचऱ्यासाठी पिवळी पिशवी असते, गाडी येऊन नेते. पण त्या म्हणाल्या, काका, माझ्या रजिस्टरात घराघरांतल्या गोळ्यांना रकानाच नाही. काकांनी लगेच खिशातून पट्टी काढली. सिस्टरनी रजिस्टर छातीशी धरलं. मग गोळ्या पंपघरातल्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांत साठत गेल्या.

आणि गेल्या वर्षी भाऊरावची आई गेली.

गयाआई बरीच वर्षं आजारी होती. तिच्या औषधांची पिशवी बाजाराच्या पिशवीएवढी होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. एवढी पिशवी एकाच वेळी विहिरीच्या वर पडणार, या विचाराने काका तीन दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात आले. म्हणाले, "तू चाल संगं. मले बोलता नाई आलं तं तू बोल. पण पत्रकासारखं नको बोलू."

आम्ही वळणावर पोचलो तेव्हा भाऊराव आणि त्याचे चार भाऊबंद गोधडी घेऊन खाली उतरत होते. काका तिथल्या एका मोठ्या सपाट दगडाजवळ उभे राहिले. डबा त्यांनी पाठीमागे धरला होता.

भाऊराव थकलेला होता. भांडणाचा आवाजही नव्हता त्याच्यात. म्हणाला, "आज नको, निनाजी."

मला वाटलं, आता काका सरकणार. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनीच हात करून थांबवलं.

"भाऊराव, तुले एक सांगतो, मंग तू म्हणशीन तं जातो. सुभद्रीच्या गोळ्या म्या इथंच टाकल्या. ह्याच दगडावरून, तिच्या गोधडीसंगं. पिशवी भरून व्हत्या. आन दुसऱ्या दिवशी सकाळी उठून म्याच कॉक खोलला. साऱ्या गावाले पाजलं. तुयी माय बी पेली."

सुभद्राकाकू म्हणजे त्यांची बायको. मी लहान असताना गेली, छातीच्या दुखण्याने. काकांच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"कोणाले काई झालं का त्यानं, मले माहीत नाई. झालं नसन बी. पण मले माहीत नाई ना, थेच खाऊन राह्यलं. तुले तसं नको व्हायले. बस."

नाल्याला पाणी थोडंच होतं, त्याचा आवाज येत होता. भाऊरावने गोधडी सोडली. काठी सोडली. मग पिशवी हातात घेतली. तिच्यावरची गाठ त्याने स्वतः सोडली आणि पिशवी काकांपुढे केली.

"मोजून घे," तो म्हणाला. "नाईतं म्हणशीन, भाऊरावनं दोन ठेवून घेतल्या वांग्याले."

भाऊबंदांपैकी कोणीतरी हसलं, आणि मग भाऊराव रडायला लागला. तीन दिवसांत तो रडला नव्हता, असं नंतर त्याच्या बायकोने सांगितलं. काकांनी डबा खाली ठेवला आणि त्याचा खांदा धरून उभे राहिले. गोळ्या मोजल्या नाहीत.

पुढचं भराभर झालं. ग्रामसभेत काकांनी सांगितलं आणि मी अर्ज लिहिला. तीन ओळींचा. मला चौथी लिहायची होती, त्यांनी लिहू दिली नाही. ठराव भाऊरावनेच मांडला: गोधडी, काठी वळणाला, औषधं निनाजीच्या डब्यात. एका म्हाताऱ्याने विचारलं, दुखणं घर सोडन का मग? भाऊराव म्हणाला, डबा घराच्या भाईर जाते का नाई? दुखणं त्याच्यात बसून जाईन. ठराव मंजूर झाला. सिस्टरनी तो अर्ज मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरांकडे नेला, त्यांनी सही केली, आणि सिस्टरच्या रजिस्टरात एक नवा रकाना आखला गेला. पट्टी काकांची होती.

गाडी येण्याच्या दिवशी काका धुतलेला सदरा घालून आले. पंपघरातल्या बरण्या मी आणि भाऊरावने उपकेंद्रावर आणल्या. सिस्टर पिवळी पिशवी धरून उभ्या होत्या आणि काका एकेक बरणी त्यात रिकामी करत होते. रंगीबेरंगी गोळ्या खळखळ पडत होत्या. गावाचा बीपी, गावाची साखर, गावाची झोप.

बरण्या संपल्या. सिस्टर गाठ मारणार, तेवढ्यात काकांनी खिशात हात घातला. कागदाची एक पुडी निघाली. कागद माझ्या पत्रकाचा होता. खोडलेलं "विष" वरच्या बाजूला दिसत होतं. आत फिकट पडलेल्या सात-आठ गोळ्या होत्या, एकमेकींना चिकटलेल्या, आणि शेजारी गुळाचा एक नवा खडा.

सिस्टरकडे पाहून ते म्हणाले, "तिले कडू गोळी उतरत नसे. गुळात दाबून द्या लागे. मी समोर बसून चारो. शेवटी-शेवटी थे गूळ खाये आन गोळी जिभेखाली ठेवे. मी कॉक खोलाले गेलो का गुळाच्या डब्यात लपवून टाके. मले मागून सापडल्या." जरा हसले. "सारं फेकून देलं व्हतं. ह्या तेवढ्या उरल्या."

एवढी वर्षं दुसऱ्यांच्या घरी जाऊन "उरल्या का?" म्हणून ते काय विचारत होते, ते मला तिथे उभं राहून कळलं.

त्यांनी गोळ्या पिशवीत सोडल्या. मग गुळाचा खडाही सोडायला लागले, तशी सिस्टरनी हात आडवा केला. हळूच म्हणाल्या, काका, पिवळ्या पिशवीत खायची वस्तू चालत नाही. नियम आहे.

नियम म्हटल्यावर काका थांबले. नियमाचे ते पक्के. त्यांनी खडा दातांनी मोडून अर्धा मला दिला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला, आणि गाठ पक्की मारा म्हणून सिस्टरना दोनदा बजावलं.

गाडी गेली. काकांनी डबा कॅरिअरला बांधला आणि सायकलवर टांग टाकली. रस्ता खडबडीत, डबा रिकामा. तो इतका वाजत होता की काका दिसेनासे झाले तरी ऐकू येत होते. वस्तीतल्या पहिल्याच घरापाशी तो आवाज थांबला.